मेंटेनन्सवाला डोनल

डोनल आमच्यात फक्त तीन सीझन होता. पण बहरीन सोडून इतकी वर्षं झाली, तरी नाना पाष्टे आणि मी फोनवर बोलायला लागलो की दहा मिनिटांत गाडी त्याच्यावरच येते. नाना एक सांगतात, मी एक सांगतो. दर वेळी एखादी गोष्ट अशी निघते, जी दुसऱ्याला माहीतच नसते. एखादा माणूस रोज समोर असतो तेव्हा त्याच्याबद्दल आपण काही साठवतोय असं वाटत नाही. तो गेल्यावर कळतं की बरंच साठलंय. बायको म्हणाली, "लिहून काढा एकदाचं, म्हणजे फोनचं बिल तरी कमी येईल." म्हणून हे.

आधी आमची ओळख करून देतो. मी जाधव, मूळचा खेड तालुक्यातला. बहरीनमध्ये जिदहफ्सजवळ एक फुटबॉल क्लब होता, तिथे मी क्लार्क-कम-टायपिस्ट. क्लबाचं नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत. नाना गुहागरकडचे. चौदा वर्षं एसटी चालवून मग बहरीनला आले आणि क्लबाची बस चालवू लागले. मॅनेजर अबू खलील, तिथलेच. आवाज चढवायचे नाहीत, पण नुसते बघायचे, आणि तेवढं पुरायचं.

आणि डोनल. आयर्लंडचा. सोळाव्या वर्षी बोटीत बसून इंग्लंडला गेला आणि सतरा वर्षं तिथे पोटासाठी फुटबॉल खेळला. डिफेंडर.

*

त्याला आणायला एअरपोर्टवर नाना गेले होते. इंग्लंडमध्ये खेळलेला प्रोफेशनल येणार म्हणून क्लबात तीन दिवस गडबड. ऑफिसातला पंखासुद्धा पुसला होता.

दुपारी नानांचा फोन आला.

"जाधव, फुटबॉलवाला आलाच नाय. एक टक्कलवाला माणूस आलाय, चाळिशीचा दिसतो. उजव्या पायानं जरा लंगडतो. तो म्हणतो, मीच."

"मग तोच असेल, नाना."

"आणतो बापडा. पण नंतर मला बोलायचं नाय."

डोनल तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. चेहऱ्यावर सतरा वर्षांचा चिखल आणि थंडी बसली होती, म्हणून जास्त दिसायचा. चहा नको म्हणाला, आधी ग्राउंड दाखवा. भर उन्हात मैदानभर चालला, टाचेने जमीन दाबून बघितली, मग दोन्ही गोलपोस्टजवळ जाऊन उभा राहिला. परत आला आणि अबू खलीलना विचारलं, "इथला वारा कुठल्या गोलमध्ये जातो?"

अबू खलील क्लब सुरू झाल्यापासूनचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे. नानांना इंग्रजी प्रश्न अर्धाच कळला होता, पण डोनलने बोट ओलं करून हवेत धरलेलं त्यांनी बघितलं होतं. त्यांनी हात करून दाखवलं.

"हिकडून तिकडं. शमाल वारा सुटला की माझी बस नेहमी एकाच बाजूनं मळते."

मी ते इंग्रजीत सांगितलं. डोनलने खिशातून छोटी वही काढली आणि नानांचं नाव विचारून लिहून घेतलं. त्या दिवशी क्लबातल्या तीसेक माणसांशी त्याची ओळख करून दिली होती. लिहून घेतलेलं नाव एकच.

*

व्हिसाच्या कागदात एक अडचण होती. आमच्या क्लबाला परदेशी माणूस आणता यायचा तो ठरलेल्या कामांसाठी, आणि आमच्या यादीत ड्रायव्हर होता, क्लीनर होता, क्लार्क म्हणजे मी होतो; फुटबॉल खेळणारा नव्हता. अबू खलील म्हणाले, "जवळचं बघून टाक." मी टाईप केलं: टेक्निशियन, मेंटेनन्स.

त्याचं आयडी कार्ड तसंच छापून आलं. मी जरा ओशाळूनच त्याच्या हातात दिलं. इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला काय वाटेल?

त्याने ते दोनदा वाचलं. म्हणाला, "सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर लिहिलंय."

त्याच दिवशी मी त्याची फाईल भरत होतो. अबू खलील सोफ्यावर बसून ऐकत होते.

"क्लब किती?"

"पाच. सगळे उत्तर इंग्लंडातले. तू एकाचंही नाव ऐकलेलं नसणार."

"गोल?"

"दोन."

सोफ्यावरून अबू खलील म्हणाले, "सीझनला दोन. डिफेंडरला ठीक आहे."

"सीझनला नाही," डोनल म्हणाला. "एकूण. आणि त्यातला एक मी बॉल बाहेर मारायला गेलो होतो."

टाईपरायटरवर माझा हात तसाच.

"तीन आमच्याच जाळ्यात मारलेत," तो म्हणाला. "तेही लिहितोस का?"

लिहिलं नाही. तो गेल्यावर अबू खलीलनी मला हळू आवाजात विचारलं, "मग याने सतरा वर्षं केलं तरी काय?"

*

आमचे खेळाडू सगळे तिथलेच, दिवसा नोकऱ्या करणारे. बचावातला मुख्य माणूस जासिम, तो पोस्टात होता. संध्याकाळी नाना बस घेऊन एकेकाला गोळा करत यायचे.

डोनलला अरबी येत नव्हतं आणि त्याचं इंग्रजी आम्हालाच धड कळायचं नाही, तर जासिमला काय कळणार? पण बचावाच्या ओळीला सारखं ओरडून सांगावं लागतं: सगळे एकदम पुढे सरका, एकदम मागे या, जागेवर थांबा. एकाने जरी उशीर केला तरी मधून माणूस निसटतो. डोनलने दोन आठवड्यांत दोन शब्द उचलले. यल्ला म्हणजे पुढे. खलास म्हणजे थांबा. सरावात झकास चाललं.

पहिल्याच मॅचला तीन गोल खाल्ले. कारण समोरचेही अरबीच बोलणारे. याने यल्ला म्हटलं की आमच्याआधी त्यांचा फॉरवर्ड हलायचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक बसली. मी म्हटलं, हिंदी घ्या. चलो, रुको. जासिम हसायला लागला. म्हणाला, "इथे घराघरांत हिंदी पिक्चर बघतात. ते सगळ्यांना येतं."

मग डोनल माझ्याकडे वळला. "तू आणि नाना आपसात बोलता ते काय?"

"मराठी."

"ते कुणाला येतं?"

जासिमने मान हलवली. कुणालाच नाही. आमच्या भाषेला तिथे कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच तिला काम मिळालं.

शब्द नानांनी दिले. नाना एसटीतले. त्यांच्या दृष्टीने मागे येणं म्हणजे डेपोत गाडी रिव्हर्स घेताना कंडक्टर पाठीमागून ओरडतो ते: "येऊ द्या, येऊ द्या." पुढे जाणं म्हणजे डबल बेल. म्हणून पुढे सरकायला "डबल." आणि जागेवर राहायला "थांब." तीन दिवस नाना साइडलाइनला उभे राहून चार बॅकना शिकवत होते. रिव्हर्स कसा घ्यायचा, सगळी चाकं एकदम कशी वळली पाहिजेत. मी भाषांतर करायला उभा होतो, पण फारसं करावं लागलं नाही.

पुढच्या मॅचला आयर्लंडचा माणूस घसा फोडून ओरडतोय "येऊ द्या, येऊ द्या," आणि चार अरबी पोरं एका रेषेत मागे येतायत. गोल झाला नाही. त्यांचाही नाही, आमचाही नाही, पण अबू खलील खुश होते.

मॅच सुटल्यावर गर्दीतून एक माणूस वाट काढत नानांपाशी आला. अंगावर कंपनीचा डगला, आपल्याकडचाच दिसत होता. त्याने नानांना बाजूला घेतलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हा गोरा कुठल्या डेपोचा?"

*

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत वर्ल्डकप होता आणि त्यात आयर्लंड होतं. पहिलीच मॅच इटलीशी. आमच्याकडे ती रात्री दाखवणार होते, पण डोनलने मुद्दाम बघितली नाही. लाईव्ह बघवत नाही म्हणाला, टीव्हीतल्या माणसाला ओरडून सांगता येत नाही. मी माहूजच्या माझ्या फ्लॅटवर ती टेप केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बोलावलं. अट एकच, तोवर निकाल कुणी सांगायचा नाही.

त्याला घेऊन नाना आले. वाटेत नानांनी तोंडच उघडलं नव्हतं. त्यांना निकाल माहीतही नव्हता, पण उगाच कशाला, म्हणून.

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, टेप लावायच्या आधीच सगळ्यांना शिरा आणून दिला. डोनलने पहिला घास घेतला आणि सहज विचारलं, "आज काही आहे का?"

आमची प्रज्ञा तेव्हा तिसरीत होती, ईसा टाउनच्या शाळेत. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. ती पटकन म्हणाली, "मम्मी मेक्स इट ओन्ली व्हेन समथिंग गुड हॅज हॅपन्ड."

सुनंदाने मला विचारलं, "अहो, काय म्हणाली ही?"

मला वाटलं, डोनल आता चिडणार. त्याने बशी खाली ठेवली, डोळे मिटले, आणि मग सोफ्यावर मागे टेकून बसला. पाय लांब केले.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता भीती गेली. आता नीट बघता येईल."

आयर्लंडचा गोल सुरुवातीलाच झाला. नाना उठून उभे राहिले. डोनलने तो परत लावलासुद्धा नाही. उरलेली मॅच म्हणजे नुसता बचाव, आणि त्यासाठी मात्र रिमोट त्याच्या हातात. एका जागी त्याने टेप तीनदा मागे नेली.

"इथे बघ."

मी बघितलं. इटलीच्या माणसाकडे बॉल आला, त्याने मान वर केली, बॉल बाजूच्याला दिला. बस्स.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

"त्याला तो पुढे द्यायचा होता. आमचा माणूस बघ, इथे. दोन पावलं डावीकडे गेला. वाट बंद झाली. म्हणून काहीच झालं नाही." तो माझ्याकडे वळला. "काहीच झालं नाही, ते त्याने केलं. पेपरात येत नाही ते."

अबू खलीलनी मला विचारलं होतं त्याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय म्हणतात ते?" तिने विचारलं. मी सांगितलं.

ती म्हणाली, "दिवसभर घरात काय करतेस, असं तुम्ही मला विचारता ना? त्यांना विचारा. त्यांना कळेल."

*

आमच्या हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो आहे. सगळ्यांच्या घरी असतो तोच. डोनलने तो बघून विचारलं होतं, "तुझे वडील?"

मी म्हटलं, "एका अर्थी हो."

मग सांगितलं सगळं. शाळेत वर्गाबाहेर बसून शिकलेला माणूस, पाण्याच्या माठाला हात लावायची बंदी, आणि नंतर परदेशातल्या पदव्या. किती पदव्या ते सांगितलं, तेव्हा त्याने परत विचारलं, "एकट्याने?"

पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या लोकांनी एक हॉल भाड्याने घेऊन जयंती केली. ऑफिसातले, वर्कशॉपमधले, हॉस्पिटलमधले टेक्निशियन, सगळे कुटुंबासकट आले. कुणीतरी सुचवलं, जाधवांचा तो गोरा मित्र आहे, त्याला पाहुणा म्हणून बोलवा. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. आम्ही हार घातला. दोन शब्द बोला म्हटलं.

तो माईकपाशी गेला आणि थोडा वेळ फोटोकडेच बघत राहिला.

"मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली," तो म्हणाला. "मला कुणी बाहेर बसवलं नव्हतं. मी आपणहून उठून गेलो. या माणसासमोर मी काय बोलणार?"

आणि खाली येऊन बसला.

त्यानंतर दीड तास मराठी भाषणं झाली. एक अक्षर कळत नसताना तो हार गळ्यात घालून ताठ बसून राहिला. शेवटी आमच्यातले वयाने मोठे कदमकाका आभार मानायला उठले. म्हणाले, "इतक्या वर्षांत हा पहिला वक्ता, ज्याला आवरा म्हणून चिठ्ठी पाठवावी लागली नाही."

*

फॅक्स मशीन माझ्या टेबलाशेजारी होतं, त्यामुळे आलेलं पहिल्यांदा मीच वाचायचो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी एका सकाळी डोनलच्या बहिणीचा फॅक्स आला. दोनच ओळी. वडील गेले होते.

डोनल मैदानावर एकटाच गुडघ्याचे व्यायाम करत होता. मी कागद घेऊन निघालो. ऑफिसचे बूट घालून गवतावर यायला त्याने सगळ्यांना बंदी केली होती, अबू खलीलनासुद्धा. मला ते आठवलंच नाही. मी सरळ गवतावरून चालत गेलो. अर्ध्या वाटेवर होतो तेव्हा त्याने मान वर केली, माझ्या पायांकडे बघितलं आणि उठून उभा राहिला. कागद हातात देईपर्यंत त्याला कळलं होतं.

लीव्हचा फॉर्म मीच भरला. तिकीट हातात यायला संध्याकाळ होणार होती. तो ऑफिसात खुर्चीवर बसून राहिला. एकट्याला सोडावंसं वाटेना. म्हणून मी विचारलं, "तुमचा खेळ बघायचे का वडील?"

"एकदा," तो म्हणाला.

त्याचे वडील बंदरावर हमाली करायचे. इंग्लंडला मॅच बघायला जाणं जमायचं नाही. पण एकदा डोनलला देशाच्या टीममध्ये बोलावणं आलं. मॅच डब्लिनला. वडील सकाळच्या ट्रेनने एकटे आले, सोबत कागदात बांधलेली ब्रेड. डोनल अकरा जणांत नव्हता, बेंचवर होता. दुसऱ्या हाफमध्ये आयर्लंडचा एक बॅक पडला, उठेना. कोच म्हणाला, वॉर्मअप कर. डोनल साइडलाइनला धावायला लागला. पडलेला माणूस उठला, लंगडला, परत पडला, परत उठला. डोनल धावतोच आहे. वीस मिनिटं. मग मॅच संपली.

"परत कधी बोलावलं नाही," तो म्हणाला. "कुणी विचारलं, देशासाठी खेळलास का, तर मी सांगतो, देशासाठी वॉर्मअप केलाय."

मी विचारलं, "वडील काय म्हणाले?"

"बाहेर भेटले. उरलेली ब्रेड दिली. म्हणाले, मी नीट बघत होतो. तू त्या सगळ्यांपेक्षा जास्त धावलास." त्याने फॅक्सची घडी घातली. "चेष्टा होती की खरंच म्हणत होते, ते मी कधी विचारलं नाही. या वेळी घरी गेलो की विचारणार होतो."

दहा दिवसांनी परत आला आणि त्याच संध्याकाळी सरावाला उतरला.

*

तिसऱ्या वर्षी त्याचा गुडघा फारच सुजायला लागला. डॉक्टरने खेळू नका सांगितलं होतं. बसमध्ये नानांच्या शेजारी इंजिनाचं झाकण असायचं, जुन्या गाड्यांना असतं तसं. ते तापायचं. डोनल मॅचला जाता-येता त्यावर पाय टाकून बसायचा. नाना म्हणायचे, "घ्या शेकून." थंडीत तर नाना मुद्दाम अर्धा तास आधी इंजिन चालू करून ठेवायचे.

त्या सीझनला आमची टीम खाली घसरत गेली. शेवटची मॅच आली तेव्हा हिशेब सरळ होता. ड्रॉ झाली तर वरच्या डिव्हिजनमध्ये राहू, हरलो तर खाली. समोर मुहर्रककडची टीम, आणि त्यांचा फॉरवर्ड फैसल. तीन वर्षं डोनल आणि तो एकमेकांसमोर खेळत होते. फैसल हरणासारखा पळायचा. डोनल पळायचा नाही, तो कुठे येणार तिथे आधीच जाऊन उभा राहायचा.

सत्तर मिनिटं झाली, शून्य-शून्य. ऐंशी झाली, तरी तेच. अबू खलील बेंचवर बसेनात. मी आणि नाना गोलच्या बाजूला उभे होतो, म्हणून पुढचं मी अगदी जवळून बघितलं. निदान तेव्हा तसं वाटलं.

जासिमच्या डोक्यावरून बॉल मागे पडला आणि फैसल सुटला. त्याच्या आणि गोलच्या मध्ये एकटा डोनल. डोनल आडवा झाला, पाय लांब केला. पाय पोचला नाही. फैसल पुढे गेला आणि बॉल जाळ्यात.

आम्ही खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अबू खलील म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीचा दानियाल असता तर पोचला असता." ते त्याला दानियालच म्हणायचे. डोनल समोरच बसला होता. "हो," तो म्हणाला. अबू खलीलनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि बाहेर निघून गेले.

काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवणार नसल्याचं पत्र मला टाईप करायला सांगितलं. मी तीन कागद फाडले. पहिला फार कोरडा, दुसरा फार गोड, तिसऱ्यात स्पेलिंग चुकलं. डोनल दारात उभा राहून बघत होता. आत आला आणि म्हणाला, "लांबवू नकोस. लिही, क्लब आभारी आहे. आणि सही घे."

मी तेवढंच लिहिलं.

*

तो जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. ही नाना आणि मी एकमेकांना सगळ्यात जास्त वेळा सांगितली आहे. वास्तविक नाना तिथे नव्हतेच.

सकाळची वेळ. डोनल ऑफिसात आयडी कार्ड परत करायच्या कागदांवर सह्या करत होता. दारात कुणीतरी उभं राहिलं. बघितलं तर फैसल. शिपयार्डचे निळे कपडे अंगावर, शिफ्ट सुटल्यावर तसाच आला होता. हातात हलव्याचा डबा, तिथला तो केशरी, चिकट हलवा. मी उठलोच. आम्हाला खाली ढकलणारा माणूस, आमच्याच क्लबात. बाहेर कुणी बघितलं तर?

डोनलने खुर्ची पुढे केली. फैसल बसला. मी चहा आणला. दोघांची भाषा एक नाही, म्हणून दोघे चहाकडे बघत बसले. मैदानात तीन वर्षं दोघे एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभे असायचे, आणि समोरासमोर खुर्चीत बसल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना.

शेवटी फैसल माझ्याकडे वळला. त्याला हिंदी चांगलं यायचं, फक्त मित्राला तो सदीक म्हणायचा.

"सदीक, इससे एक बात पूछो," तो म्हणाला. "उस दिन, गोल से पहले. इसका पैर पहुँच गया था. बॉल तक नहीं, मेरे पैर तक. मैंने देखा. इसने खींच लिया. क्यों खींचा?"

मला पहिल्यांदा वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. मी गोलपाशी उभा होतो. मी बघितलं होतं.

मी डोनलला इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द.

डोनलने सही करायचं पेन टेबलावर ठेवलं. बाहेर माळी पाणी मारत होता, त्याचा आवाज येत होता.

"त्याला सांग," तो म्हणाला, "मी हळू झालो होतो. वय झालं."

मी सांगितलं. फैसल ऐकत होता, पण बघत होता डोनलकडे. मग त्याने खाली वाकून स्वतःच्या उजव्या नडगीवर, डोनलचा पाय बसला असता तर हाड जिथे मोडलं असतं तिथे, हात ठेवला. तसाच ठेवून म्हणाला, "इसको बोलो, मैं भी उस दिन उतना तेज़ नहीं था."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. डोनलने हात वर केला.

"राहू दे," तो म्हणाला, आणि हलव्याचा डबा उघडून आधी त्याच्यापुढे सरकवला.